शिष्यास दंड, गुरूस दक्षिणा

सन २०२३ च्या सप्टेंबर महिन्यांत दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू क्रीडांगणावर एक शर्यत झाली. शर्यत शंभर मीटर धांवण्याची, अंतिम फेरीची, आणि सामने दिल्ली राज्याचे. अंतिम फेरींत आठ धांवपटूंचीं नांवें होतीं. परंतु उत्तेजक द्रव्यांची तपासणी करणारे अधिकारी मैदानावर आले आहेत ही वार्ता पसरतांच कोणाच्या पोटरींत गोळा आला, कोणाची मांडी आखडली, आणि रेषेवर प्रत्यक्ष उभा राहिला तो एकच इसम. तो धांवला, पहिला आला, आणि दुसरा कोणी आलाच नाहीं. त्याच सामन्यांत एक मुलगी आपली शर्यत संपल्यावरहि थांबली नाहीं. ती पुढें आणि नमुना मागणारा अधिकारी मागें, अशी दुसरीच शर्यत प्रेक्षकांस पाहावयास मिळाली, असें वर्तमानपत्रांत आलें.

देशभर ह्या हकीकतीचें हंसें झालें. आम्हीहि हंसलों, हें कबूल केलें पाहिजे. पण हंसूं ओसरल्यावर एक प्रश्न मनांत राहिला, आणि तो त्या दिवसांत कोणी विचारलेला आम्हांस आढळला नाहीं. ज्यांच्या पोटऱ्यांत एकाच घटकेस गोळे आले, त्या धांवपटूंचे शिक्षक त्या वेळीं कोठें होते? धांवपटू कांहीं आकाशांतून मैदानावर पडत नाहीं. पहांटे त्यास उठविणारा, हातांत घड्याळ घेऊन उभा राहणारा, आज काय खावें व उद्यां काय सोडावें हें सांगणारा, सामन्यांत त्याचें नांव दाखल करणारा कोणी तरी असतोच. पळाले ते शिष्य. त्यांची टवाळी झाली. गुरु कोठें पळाले, किंवा त्यांस पळण्याची गरजच वाटली नाहीं, ह्याची चौकशी कोणीं केली नाहीं.

आम्हांस ह्या लेखांत जें म्हणावयाचें आहे तें ह्याच एका प्रश्नांतून निघतें. उत्तेजक द्रव्यांविरुद्धचा कायदा कडक असावा, ह्याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु आज आपल्या देशांत त्या कायद्याचा आसूड एका लांब सांखळीच्या शेवटच्या आणि सर्वांत कच्च्या दुव्यावरच पडतो. वरचे दुवे शाबूत राहतात, आणि पुढच्या वर्षीं त्यांस नवा दुवा जोडला जातो. असा दंड न्याय्य नाहीं, आणि (ज्यांस न्यायापेक्षां उपयोगाची भाषा अधिक समजते त्यांच्यासाठीं सांगतों) तो उपयोगाचाहि नाहीं.

प्रथम कायदा काय आहे तें थोडक्यांत पाहूं. १९९९ सालीं लोझान येथें जागतिक उत्तेजक-द्रव्य-प्रतिबंध संस्था स्थापन झाली. तिची संहिता आज बहुतेक सर्व देश मानतात, आणि आपल्याकडे तिचा अंमल करण्यासाठीं २००५ पासून एक राष्ट्रीय संस्था आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून जागतिक संस्थेस 'वाडा' व राष्ट्रीय संस्थेस 'नाडा' म्हणतात. मराठी कानांस हीं नांवें जरा विनोदी लागलीं, तरी त्यांच्या हातांतील सत्ता विनोदी नाहीं. २०२२ सालीं संसदेनें स्वतंत्र कायदा करून झडती घेण्याचे व वस्तु जप्त करण्याचे अधिकारहि राष्ट्रीय संस्थेस दिले. ह्या सर्व व्यवस्थेचा पाया एका वाक्यांत सांगतां येतो: खेळाडूच्या शरीरांत जें सांपडेल त्यास खेळाडू जबाबदार. तें कोणीं दिलें, कशांतून दिलें, त्यास ठाऊक होतें कीं नाहीं, हे प्रश्न मागाहूनचे. आणि त्यांचीं उत्तरें पुराव्यानिशीं देण्याचा भारहि त्याच्याच माथीं. स्नायु वाढविणारीं जीं कृत्रिम संप्रेरकें आहेत तीं सांपडलीं तर चार वर्षांची बंदी ठरलेली. बुद्धिपुरस्सर घेतलीं नाहींत असें सिद्ध केलें तर ती दोन वर्षांवर येते. आणि आपली चूक अल्प होती किंवा मुळींच नव्हती, हें दाखवितां आलें तरच त्याहून खालीं. प्राध्यापकाच्या आयुष्यांत चार वर्षें म्हणजे एखाद्या क्रमिक पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांमधील अंतर. धांवपटूच्या आयुष्यांत तेवढींच काय तीं वर्षें असतात.

हा नियम निष्ठुर आहे. परंतु तो मूर्ख नाहीं. तो नसता तर प्रत्येक अपराध्यानें 'माझ्या दुधांत कोणीं तरी कालविलें' असें सांगून सुटका करून घेतली असती, आणि जो खरोखरच निव्वळ दुधावर धांवतो त्यानें जन्मभर मागेंच राहावयाचें ठरलें असतें. स्वच्छ खेळाडूचें रक्षण करावयाचें तर कोठें तरी रेघ ओढलीच पाहिजे. म्हणून जे भावनाप्रधान लोक दर वेळीं 'बिचाऱ्या पोराचा बळी घेतला' म्हणून गळा काढतात, त्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. २०२४ सालीं राष्ट्रीय संस्थेनें तपासलेल्या ७,११३ नमुन्यांपैकीं २६० सदोष निघाले. ज्या देशांनीं पांच हजारांहून अधिक नमुने तपासले, त्यांत हें प्रमाण सर्वांत मोठें होतें. एवढीं सगळीं माणसें बिचारीं असूं शकत नाहींत.

परंतु ह्या नियमाच्या पोटांत एक गृहीत दडलेलें आहे. खेळाडू हा जाणता, स्वतंत्र, चौकस असा मनुष्य आहे. पुढें आलेलें भांडें तो तोंडास लावण्यापूर्वीं 'ह्यांत काय आहे' म्हणून विचारतो, आणि उत्तर पटलें नाहीं तर भांडें परत करतो. हें गृहीत युरोपांतल्या एखाद्या विद्यापीठांतील नौका वल्हविणाऱ्या तरुणाला कदाचित् लागू पडत असेल. आपल्याकडे असा खेळाडू आपण घडवितों काय? आमचें उत्तर असें कीं, आपण तो घडवीत तर नाहींच. उलट तसा कोणी चुकून निपजला तर त्यास उद्धट ठरवून तालमीबाहेर काढतों.

आपल्या तालमींचेंच उदाहरण घ्या. बारा-तेरा वर्षांचा कोंवळा मुलगा गांवाहून येतो, वस्तादाच्या पायांवर डोकें ठेवतो आणि तांबड्या मातींत उतरतो. जोर किती, बैठका किती, कोणाशीं झुंजावयाचें, कोणत्या जत्रेच्या फडांत उतरावयाचें, हें सर्व वस्ताद ठरवितो. खुराक तर सर्वस्वीं वस्तादाच्या हुकुमाचा. दूध किती, तूप किती, बदामाची थंडाई केव्हां, ह्यांत शिष्यानें बोलावयाचें नसतें. भांडें हातांत आलें कीं रिकामें करून खालीं ठेवावें, हा तेथील धर्म. ही शिस्त वाईट होती असें आम्ही म्हणत नाहीं. १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव ह्याच मातीचे. जोंपर्यंत भांड्यांत बदाम होते तोंपर्यंत शिष्याच्या मुकाटपणानें त्याचें कांहीं बिघडलें नाहीं. पुढें बदामांच्या जोडीस गोळी आली, सुई आली, परदेशी भुकटीचा डबा आला. मुकाटपणा मात्र तोच राहिला. शिष्यानें विचारूं नये हें आपण शिकवावयाचें, आणि त्यानें विचारलें नाहीं म्हणून चार वर्षें त्यास घरीं बसवावयाचें, ह्याला न्याय हें नांव देतांना निदान जीभ तरी अडखळावी.

येथें आम्हांस एक लहानशी गोष्ट सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी, मध्यम अंतराचा चांगला धांवपटू, एक डबा घेऊन आमच्याकडे आला. डब्यावर इंग्रजींत बारीक अक्षरांचा एक ताव चिकटविलेला होता. 'सर, तुमचें इंग्रजी आहे. एवढें वाचून सांगा, ह्यांत कांहीं वावगें नाहीं ना?' आम्हीं चष्मा पुसला, ताव वाचला, कोश काढला. तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवून आम्हांस त्या तावांतील निम्मे शब्द कळले नाहींत. आणि जे कळले त्यांत 'विशेष मिश्रण' असा एक मोघम शब्दप्रयोग होता, कीं ज्याच्या आड काय आहे हें सांगण्याचें कारखानदारानें सफाईनें टाळलें होतें. आम्हीं म्हटलें, 'बाबा रे, आम्हांस हें समजत नाहीं. तूं घेऊं नकोस.' तो कांहीं वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, 'पण सर, आमच्या सरांनीं दिला आहे. नको कसें म्हणूं? जिल्ह्याच्या संघांत नांव तेच घालतात.' आमच्या इंग्रजीचें अज्ञान त्या दिवशीं उघडें पडलें, ह्याचें आम्हांस फारसें वाईट वाटलें नाहीं. परंतु त्या मुलाच्या शेवटच्या वाक्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि संहितेपाशींहि नाहीं.

आतां मोठ्या मैदानावरील दोन प्रकरणें पाहूं. २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत आपल्या मुलींनीं चार गुणिले चारशें मीटरच्या सांघिक शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. त्या रात्रीं सारा देश उभा राहून टाळ्या वाजवीत होता, आम्हीहि वाजविल्या. पुढें २०११ सालीं त्या चमूंतील तिघी व त्यांच्याबरोबर सराव करणाऱ्या आणखी तिघी, अशा सहा धांवपटूंच्या नमुन्यांत निषिद्ध संप्रेरकें सांपडलीं. एकाच शिबिरांतील, एकाच परदेशी शिक्षकाच्या हाताखालील सहा मुली! त्यांचें म्हणणें असें कीं, शिक्षकानें आणून दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून हें द्रव्य पोटांत गेलें. सरकारनें युक्रेनी शिक्षक युरी ओगोरोद्निक ह्यास नोकरींतून काढलें, आणि एका निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी-समिति नेमली. मुलींना राष्ट्रीय मंडळानें एक वर्षाची बंदी दिली. आंतरराष्ट्रीय संघटना त्यावर लोझानच्या क्रीडा-लवाद न्यायालयांत गेली, आणि जुलै २०१२ मध्यें ती बंदी दोन वर्षांची झाली. कारण काय, तर दिलेली गोळी तपासून न घेतां गिळली हा हलगर्जीपणा. न्यायालयाचा निकाल संहितेस धरूनच होता. पण हिशोब मांडून पाहा: जिनें गोळी गिळली तिची दोन वर्षें गेलीं, कीर्ति गेली, लंडनचें ऑलिंपिक गेलें. ज्याच्या हाताखालीं सहाजणी एकदम दोषी ठरल्या त्याची नोकरी गेली. आणि ज्या अधिकाऱ्यांनीं तो शिक्षक आणला, ती शिबिरें चालविलीं आणि त्या सुवर्णपदकाबरोबर छायाचित्रें काढून घेतलीं, त्यांचें काय गेलें? शेळी जाते जिवानिशीं आणि खाणारा म्हणतो वातड, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें तर खाणारानें वातड असें म्हणण्याचेहि कष्ट घेतले नाहींत.

दुसरें प्रकरण आपल्या अधिक जवळचें. नरसिंग यादव हा २०११ पासून लागोपाठ तीन वर्षें महाराष्ट्र केसरीची गदा जिंकणारा मल्ल. २०१५ सालीं त्यानें जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळवून रिओ ऑलिंपिकसाठीं देशास एक जागा मिळवून दिली. २०१६ च्या जून महिन्यांत सोनीपतच्या सरकारी केंद्रांत घेतलेल्या त्याच्या नमुन्यांत संप्रेरक सांपडलें. कोणीं तरी दावा साधून अन्नपाण्यांत मिसळलें, अशी त्याची कैफियत. १ ऑगस्ट रोजीं राष्ट्रीय संस्थेच्या मंडळानें ती मान्य करून त्यास सोडलें. आणि १८ ऑगस्ट रोजीं, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशीं, रिओ येथें बसलेल्या क्रीडा-न्यायालयानें ती अमान्य करून चार वर्षांची बंदी दिली. आम्ही नरसिंगास निर्दोष ठरवूं पाहात नाहीं. न्यायालयापुढें पुरावा आला नाहीं तर त्यानें दुसरें काय करावयाचें? आमचा आक्षेप आपल्यावर आहे. सरकारी केंद्रांत राहणाऱ्या मल्लाच्या शरीरांत निषिद्ध द्रव्य गेलें, एवढें तर सिद्ध झालें. मग एक तर त्यानें तें स्वतः घेतलें, किंवा कोणीं तरी दिलें. स्वतः घेतलें असेल तर तें मिळविण्यास त्यास कोणीं मदत केली? दुसऱ्यानें घातलें असेल तर तेथील स्वयंपाकघरावर देखरेख कोणाची? दोहोंपैकीं कोणतेंहि उत्तर खरें धरलें तरी एक दुसरा मनुष्य शिल्लक राहतो. शिक्षा मात्र एकाच नांवावर लिहिली गेली.

कोणी म्हणेल, सर्व जगांत असेंच चालतें. तें खरें नाहीं. १९८८ सालीं सोल येथें कॅनडाचा बेन जॉन्सन शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धांवला आणि तीन दिवसांच्या आंत त्याचें पदक काढून घेण्यांत आलें. कॅनडानें तेवढ्यावर समाधान मानलें नाहीं. न्यायाधीश चार्ल्स डबिन ह्यांच्या अध्यक्षतेखालीं उघडी चौकशी झाली. जॉन्सनचा शिक्षक चार्ली फ्रान्सिस ह्यानें शपथेवर सांगितलें कीं, हा प्रकार १९८१ पासून चालूं होता. द्रव्यें देणारा वैद्य साक्षीस आला, क्रीडासंघटनांचे अधिकारी आले, आणि सारें राष्ट्र महिनोन् महिने आपली लाज उघड्या डोळ्यांनीं पाहात राहिलें. पूर्व जर्मनींत तर सरकारनेंच अल्पवयी मुलींस जीवनसत्त्वें म्हणून निळ्या गोळ्या चारल्या होत्या. जर्मनी एक झाल्यावर २००० सालीं बर्लिनच्या न्यायालयानें त्या खेळाडूंस नव्हे, तर क्रीडाखात्याचे एके काळचे सर्वाधिकारी मान्फ्रेड एवाल्ड व वैद्य मान्फ्रेड हॉप्नर ह्यांस दोषी ठरविलें. शिक्षा स्थगित ठेवली गेली, ती सौम्य होती, हें खरें. पण बोट कोणाकडे दाखवावयाचें ह्याविषयीं न्यायालयाची चूक झाली नाहीं. त्याच वर्षीं सिडनी येथें रुमानियाच्या सोळा वर्षांच्या आंद्रेआ राडुकान ह्या मुलीचें सुवर्णपदक गेलें, कारण चमूच्या वैद्यानें तिला सर्दीची गोळी दिली होती. पदक परत मिळालें नाहीं. पण त्या वैद्यासहि पुढील दोन ऑलिंपिकांस बंदी झाली. आणि २०२० च्या डिसेंबरांत अमेरिकेनें केलेला रॉडचेन्कोव्ह कायदा तर ह्याहून एक पाऊल पुढें जातो. तो द्रव्यें पुरविणारास आणि कट करणारास दहा वर्षांपर्यंत कारावास सांगतो, आणि खेळाडूस त्या शिक्षेंतून मुद्दाम वगळतो; खेळाडूस खेळाच्या मैदानावरील बंदी पुरे, असा त्यांतील विचार. टेक्सासमधील एका औषधोपचारकास ह्या कायद्याखालीं शिक्षा झालीहि.

आपल्याकडे कायदाच अपुरा आहे, अशी सबब सांगण्याचीहि सोय नाहीं. ज्या संहितेनें खेळाडूस चार वर्षें घरीं बसविलें जातें, त्याच संहितेंत निषिद्ध द्रव्य देणें, विकणें, लपविणें व त्यास साह्य करणें हे वेगळे गुन्हे आहेत. अल्पवयी खेळाडूस असें संप्रेरक देणाऱ्या शिक्षकास जन्मभराची बंदी आहे. खेळाडू अल्पवयी असेल, किंवा एकाच शिक्षकाचे एकाहून अधिक खेळाडू दोषी ठरले असतील, तर त्या शिक्षकाची चौकशी आपोआप झाली पाहिजे, असेंहि तींत स्पष्ट लिहिलें आहे. म्हणजे तरवार दुधारी आहे. आपण तिची एकच धार वापरतों. अलीकडे क्वचित् एखाद्या शिक्षकावर कारवाई झाल्याचें वृत्त येतें, आणि तें वृत्त म्हणून छापलें जातें ह्यांतच त्याचा दुर्मिळपणा दिसतो. दोषी खेळाडूंच्या याद्या मात्र आपण रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या निर्विकारपणें वाचतों.

शिवाय चूक वरच्यांची असली कीं तिला दंड कोणता? दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता जागतिक संस्थेनें २०१९ च्या ऑगस्टांत स्थगित केली, आणि ती परत मिळावयास २०२१ चा डिसेंबर उजाडला. मणिपूरची भारोत्तोलक संजिता चानू हिला २०१८ सालीं निलंबित करण्यांत आलें. तिच्या नमुन्याच्या क्रमांकांतच घोटाळा असल्याचें पुढें आंतरराष्ट्रीय संघटनेस मान्य करावें लागलें, आणि २०२० सालीं आरोप मागें घेतला गेला. ह्याच खेळाडूस पुढें २०२३ सालीं दुसऱ्या प्रकरणांत चार वर्षांची बंदी झाली, हें आम्ही लपवीत नाहीं. पण नंतरच्या अपराधानें पूर्वींचा अन्याय धुतला जात नाहीं. पहिल्या खेपेस तिचीं जीं दोन वर्षें गेलीं तीं तिला कोणीं परत दिलीं? खेळाडूनें एक गोळी न तपासणें हा हलगर्जीपणा, आणि संस्थेनें नमुन्याचा क्रमांक न तपासणें ही केवळ अनवधानाची चूक: शब्दांचा हा भेद आम्हांस तरी कळत नाहीं.

पाठीशीं कोण उभें आहे ह्यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ ह्याच्या नमुन्यांत २०१९ सालीं टर्ब्युटलीन सांपडलें. तें खोकल्याच्या औषधांत असतें, आणि चूक अजाणतेपणीं झाली हें क्रिकेट मंडळानें मान्य केलें. त्यास आठ महिन्यांची बंदी झाली. ती जाहीर झाली ३० जुलैस, आणि मोजली गेली १६ मार्चपासून. मधल्या काळांत तो आयपीएलचे सामने खेळून मोकळा झाला होता. त्या तरुणास अधिक शिक्षा व्हावी असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. द्रव्य सौम्य वर्गांतलें होतें. आम्ही एवढेंच विचारतों कीं, खेड्यांतील एखाद्या भारोत्तोलक मुलीनें तेंच औषध घेतलें असतें, तर तिची बाजू इतक्या तत्परतेनें मांडणारें मंडळ आणि दिनदर्शिकेशीं इतका स्नेह असलेला न्याय तिला लाभला असता काय? क्रिकेट मंडळानें त्याच वर्षींच्या ऑगस्टांत राष्ट्रीय संस्थेची तपासणी पत्करली, ही गोष्ट मात्र चांगली झाली.

आतां आमच्या म्हणण्यावर येणारे आक्षेप. पहिला असा कीं, गुरूकडे बोट दाखविण्याची वाट मोकळी केली तर प्रत्येक लबाड शिष्य त्या वाटेनें पळेल. ह्याला उत्तर सोपें आहे. आम्ही खेळाडूचा दंड कमी करा असें म्हणत नाहीं. दंडाच्या रकान्यांत दुसरें नांव वाढवा असें म्हणतों. चोर सोडून संन्याशास सुळीं देऊं नये, ही जुनी म्हण आहे. खेळाडू दर वेळीं संन्याशीच असतो असा आमचा दावा नाहीं; तोहि चोर असेल. पण चौघांनीं मिळून केलेल्या चोरींत सर्वांत लहान चोरास पकडून बाकीच्या तिघांस पंच म्हणून बसवूं नये, एवढें मागण्यास हरकत नसावी.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. शिष्याच्या शरीरांत पुरावा असतो. गुरूविरुद्ध तो कोठून आणावा? परंतु झडती घेण्याचे अधिकार संसदेनें दिले ते कशासाठीं? शिवाय खरी माहिती देणाऱ्या खेळाडूस शिक्षेंत सूट देण्याची तरतूद संहितेंतच आहे. खेळाडू ती घेत नाहीं, कारण त्याची खोली, त्याची शिधासामुग्री, संघांतील जागा, आणि गांवांतली अब्रू हीं सर्व त्याच मनुष्याच्या मुठींत असतात. आधीं ती मूठ सैल करा, मग तोंडें आपोआप उघडतील.

तिसरा आक्षेप उघडपणें कोणी करीत नाहीं. पण तोच सर्वांत बळकट आहे. पदकें कमी होतील! २०३० सालचे राष्ट्रकुल सामने अहमदाबादेस व्हावयाचे आहेत. त्यापुढें ऑलिंपिक आपल्या देशांत भरविण्याची भाषा चालूं आहे. अशा वेळीं शिक्षकांवर झडत्या घालून उत्साह कां मारावा, असें पुष्कळांच्या मनांत असतें. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, ज्या पदकामागें उद्यां नमुना मागणारा अधिकारी धांवणार आहे, तें पदक नसून उसनवारी आहे. आणि ती फेडावयाची पाळी नेहमीं वीस वर्षांच्या पोरावर येते.

ह्या उसनवारींत आपण सुशिक्षित मध्यमवर्गीय लोक अगदींच अलिप्त आहों काय? दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडूंस सवलतीचे गुण आहेत. महाराष्ट्रांत सरकारी नोकऱ्यांतील शेंकडा पांच जागा त्यांच्यासाठीं राखलेल्या आहेत. ह्या योजना चांगल्या हेतूनें झाल्या. परंतु ज्या दिवशीं पदकाचें रूपांतर गुणपत्रिकेंत आणि नेमणुकीच्या हुकुमांत होऊं लागलें, त्या दिवसापासून डब्यांतील भुकटीचा व्यापार आखाड्याबाहेर पडून आपल्या दिवाणखान्यांत आला. मुलाच्या बिस्किटाच्या पुड्यावरील अक्षरें आपण वाचतों. त्याच्या शिक्षकानें दिलेल्या डब्यावरील वाचतों काय? 'सर म्हणतात ना, मग घे,' असें आपल्याच घरांत आपण म्हणत असूं, तर गांवच्या मल्लास आपण कोणत्या तोंडानें हंसावें?

करावयाचें काय, हें सांगितल्याशिवाय टीका पुरी होत नाहीं. पहिलें असें कीं, खेळाडू दोषी ठरला कीं त्याच्या निकालपत्रांतच त्याचा शिक्षक, वैद्य व त्यास पाठविणारी संघटना ह्यांचीं नांवें लिहिलीं जावीं, आणि त्यांच्या चौकशीचें पुढें काय झालें तें ठराविक मुदतींत जाहीर व्हावें. ज्यास खरोखर कांहीं ठाऊक नव्हतें तो चौकशींत निर्दोष ठरेल. त्यानें भिण्याचें कारण नाहीं. दुसरें, पदकाबरोबर शिक्षकास व संघटनेस मिळालेला पैसा पदकाबरोबरच परत गेला पाहिजे. फायद्यांत भागीदारी आणि तोट्यांत अलिप्तता, असा व्यापार पेढीवर चालत नाहीं. मैदानावर कां चालावा? तिसरें, निषिद्ध द्रव्यांची माहिती मराठींत, हिंदींत, मणिपुरींत, पंजाबींत, म्हणजे खेळाडू ज्या भाषेंत विचार करतो त्या भाषेंत, तालमीच्या भिंतीवर लागली पाहिजे. आणि 'ह्यांत काय आहे?' हा प्रश्न विचारणें हा शिष्याचा उद्धटपणा नसून त्याचें कर्तव्य आहे, हें वस्तादानेंच त्यास पहिल्या दिवशीं शिकविलें पाहिजे. जो वस्ताद हें शिकवील त्याच्या पायांवर डोकें ठेवावयास आम्हीहि तयार आहों.

शेवटीं एक गोष्ट लक्षांत आणून देतों. उत्कृष्ट क्रीडाशिक्षकांस आपलें सरकार १९८५ पासून एक मोठा पुरस्कार देतें, आणि त्यास द्रोणाचार्यांचें नांव आहे. नांव ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें अर्जुनाचे गुरु असतील. आम्हांस मात्र तें नांव वाचून दर वेळीं एकलव्य आठवतो. ज्या शिष्यास शिकविलें नाहीं त्याचाहि अंगठा मागणारे ते गुरु. पण निदान त्यांनीं तो समोर उभें राहून, आपल्या तोंडानें मागितला, आणि त्या मागणीचा डाग हजारों वर्षें आपल्या नांवावर वागविला. आजचा गुरु अंगठा मागत नाहीं. तो शिष्याच्या हातांत भांडें देतो, पदकाच्या वेळीं त्याच्या शेजारीं उभा राहतो, आणि अंगठा तुटतो त्या दिवशीं दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या मुलास, पहांटे उठवीत असतो.